पक्षश्रेष्ठींशी भांडलेला पंतप्रधान : डॉ. ना. भा. खरे

(नगर येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याविषयी बोलणार असे मी कळविले, तेव्हा संयोजकांपैकी एका तरुण कार्यकर्त्याने मला अगदी सरळ विचारले, “हे खरे म्हणजे आपलेच ना?” प्रश्न भाबडा असला तरी महत्त्वाचा आहे. खरे हिंदू महासभेचे अध्यक्ष होते, पहिल्या लोकसभेत महासभेचे खासदार होते, नेहरूंचे आयुष्यभराचे टीकाकार होते. या अर्थाने ते आपले. पण ‘आपले’ म्हटले की आपण एक तर माणसाला हार घालतो, नाही तर अडचणीचा भाग गुंडाळून ठेवतो. आज मला या दोन्ही गोष्टी करायच्या नाहीत. ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावाचाही या कथेशी संबंध आहे, तो मी पुढे सांगेन.

खरे यांचा जन्म १८८४ साली पनवेलचा. शिक्षण जबलपूर आणि लाहोर येथे झाले. वैद्यकशास्त्रातील एम. डी. ही त्या काळी दुर्मिळ असलेली पदवी त्यांनी पंजाब विद्यापीठातून मिळविली आणि नागपुरात व्यवसाय थाटला. काँग्रेसच्या कामात पडले, कायदेमंडळात गेले, ‘तरुण भारत’ नावाचे साप्ताहिक काढले. नागपूरच्या वाचकाला या नावाविषयी निराळे काही सांगण्याची गरज नाही. डॉक्टर म्हणून नाव झालेले, वृत्तीने फटकळ, जिभेला धार असलेले असे हे गृहस्थ. ही धार त्यांच्या उपयोगी किती पडली आणि तिने त्यांचा घात किती केला, याचा हिशेब पुढे येतोच.

१९३७ साली नव्या कायद्याप्रमाणे प्रांतिक निवडणुका झाल्या आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत. खरे पंतप्रधान झाले. परंतु हा प्रांत म्हणजे एकाच दावणीला बांधलेले तीन बैल होते. महाकोशल, नागपूर आणि विदर्भ अशा काँग्रेसच्या तीन स्वतंत्र प्रांतिक समित्या, एका बाजूला हिंदी भाषक आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषक. पं. रविशंकर शुक्ल, पं. द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे मंत्री. खरे, गोळे व रामराव देशमुख हे इकडचे. आणखी एक मंत्री शरीफ होते. एका हरिजन मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात शिक्षा झालेल्यांना त्यांनी मुदतीपूर्वी सोडले. त्याचा गवगवा झाला, चौकशी झाली आणि मे १९३८ मध्ये त्यांना जावे लागले. सारेच मंत्रिमंडळ त्यामुळे बदनाम झाले. आपसातील धुसफूस मिटविण्यासाठी पचमढीला समेटाची बैठक झाली. तो समेट दोन महिनेही टिकला नाही.

२० जुलै १९३८ रोजी खरे यांनी राजीनामा दिला. गोळे आणि देशमुख त्यांच्याबरोबर बाहेर पडले. पंतप्रधान गेला की मंत्रिमंडळ जाते, हा संसदीय रिवाज. पण महाकोशलच्या तिघांनी राजीनामा देण्यास नकार दिला. पक्षाची आज्ञा आल्याशिवाय आम्ही जाणार नाही, ही त्यांची भूमिका. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केले आणि खरे यांना पुन्हा मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. रातोरात सूत्रे हलली. २१ जुलैला नवे मंत्रिमंडळ उभे राहिले आणि त्यात खरे यांनी अग्निभोज या हरिजन प्रतिनिधीला मंत्री म्हणून घेतले.

पक्षश्रेष्ठी खवळले. सरदार पटेल, मौलाना आझाद आणि राजेंद्रबाबू यांची संसदीय उपसमिती त्या काळी प्रांतिक मंत्रिमंडळांवर लक्ष ठेवीत असे. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. वर्ध्याला कार्यकारिणी बसली. खरे यांना दोन दिवसांत नव्या मंत्रिमंडळाचा राजीनामा द्यावा लागला. चूक कबूल करणारे एक निवेदन त्यांच्यापुढे ठेवले गेले. त्यावर सही करायला त्यांनी नकार दिला. कार्यकारिणीने ठराव करून त्यांना जबाबदारीच्या पदाला अपात्र ठरविले आणि २७ जुलैला शुक्ल नेते निवडले गेले. आठवडाभरात एका प्रांताचा पंतप्रधान घरी बसला. ज्या सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली हे झाले, त्यांनाही पुढच्याच वर्षी त्रिपुरीनंतर याच चक्कीतून जावे लागले.

या प्रकरणात खरे बरोबर होते का? वकिलाच्या भाषेत सांगायचे तर कायदा त्यांच्या बाजूने होता. मंत्रिमंडळ बनविणे हा पंतप्रधानाचा अधिकार आणि तो विधिमंडळाला उत्तरदायी. मतदारांनी निवडून दिलेला माणूस वर्ध्याच्या बैठकीला उत्तरदायी कसा, हा त्यांचा प्रश्न आजही बिनतोड आहे. परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गव्हर्नरांनी आपले खास अधिकार वापरू नयेत, या आश्वासनाच्या आग्रहावरच काँग्रेसने १९३७ साली मंत्रिपदे स्वीकारली होती. आणि वर्षभरातच काँग्रेसचा पंतप्रधान आपल्या सहकाऱ्यांना काढण्यासाठी त्याच इंग्रज गव्हर्नराच्या लेखणीचा आधार घेतो! गांधीजींचा आक्षेप मुख्यतः हा होता की, गव्हर्नराने कायद्याचे अक्षर पाळले आणि आत्मा मारला. हा आक्षेप पोकळ नव्हता. खरे यांनी पक्षांतर्गत भांडण पक्षाच्या सभेत निर्णयाला लावले असते, तर कदाचित ते हरले असते, पण ताठ मानेने हरले असते.

अग्निभोज यांची गोष्ट मात्र कार्यकारिणीच्या ठरावांहून मोठी आहे. गांधीजींनी या नियुक्तीलाही नापसंती दर्शविली, हरिजनांच्या मनात भलत्या आकांक्षा जागविल्याचा ठपका आपल्यावर ठेवला, असे खरे यांचे म्हणणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा पंचनामा १९४५ साली पुस्तकरूपाने मांडला, त्यात या प्रसंगाची दखल घेतली आहे. खरे यांचा हेतू केवळ राजकीय डाव टाकण्याचा होता, असे त्यांचे विरोधक म्हणत. असेलही. पण डावासाठी का होईना, जे करायला इतरांचा हात धजावत नव्हता ते त्यांनी केले. समरसतेच्या गोष्टी करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे नाव विसरू नये आणि अग्निभोज यांचे नाव तर मुळीच विसरू नये. पुढे शुक्लांच्याच मंत्रिमंडळात ते मंत्री झाले, म्हणजे माणूस लायक होता एवढे तर सिद्ध झालेच!

आता नगरकडे येतो.

ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बारा नेते आपल्या या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले गेले. पं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, पंत, पट्टाभी आणि इतर. ज्या तिघांच्या उपसमितीने खरे यांना घालविले, त्यांतले दोघे येथे नगरच्या किल्ल्यात होते, तिसरे राजेंद्रबाबू पाटण्याच्या तुरुंगात. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण आरंभिले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून लोकनायक बापूजी अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांनी राजीनामे दिले. बापूजी काही गांधीभक्त नव्हते, पण उपोषणाला बसलेला म्हातारा सरकारच्या कैदेत मरतो आहे आणि आपण त्याच सरकारच्या खुर्चीवर आहोत, हे त्यांच्या मनाला पटेना. एप्रिलमध्ये मौलाना आझादांच्या पत्नी कलकत्त्याला वारल्या. मौलाना या किल्ल्यातच होते. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे याचना केली नाही. आणि मे १९४३ मध्ये, बापूजी अण्यांनी सोडलेल्या त्याच परदेशस्थ भारतीयांच्या खात्याची खुर्ची डॉ. खरे यांनी स्वीकारली. त्याच महिन्यात सुभाषबाबू पाणबुडीच्या प्रवासानंतर जपानला पोहोचत होते.

मी नेहरूंच्या धोरणांचा समर्थक नाही, आझादांच्याही नाही. पण किल्ल्यातील माणसे आणि दिल्लीतील खुर्ची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की मला खरे यांची बाजू घेता येत नाही. पक्षाने अन्याय केला म्हणून परक्या सरकारचा आश्रय घ्यावा काय? त्यांचे समर्थक म्हणतात की, महायुद्धाच्या काळात सरकारात शिरून हिंदूंचे हित साधावे, हे महासभेचेही धोरण होते. ठीक आहे. तरी बापूजींचा राजीनामा मला अधिक ओळखीचा वाटतो.

पण थांबा. या माणसाची गंमत अशी की, जेथे आपण त्याच्यावर रुष्ट होतो तेथेच तो काही तरी असे करून दाखवितो की मान डोलवावी लागते. खरे यांच्या हाती आलेले खाते कागदोपत्री किरकोळ होते. दक्षिण आफ्रिकेत १९४३ साली नाताळमधील भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. दरवेळी निषेधाचा खलिता धाडायचा आणि स्वस्थ बसायचे, अशी सरकारची रीत. खरे यांनी जशास तसे हे सूत्र धरले. परस्परतेचा कायदा वापरून १९४४ अखेर हिंदुस्थानातील दक्षिण आफ्रिकी गोऱ्यांवर तशीच बंधने लादली. इंग्रजांच्या सरकारात बसून गोऱ्यांवर! तेथील गोऱ्यांची संख्या नगण्य होती, त्यामुळे व्यावहारिक परिणाम थोडा. पण मानहानीचे उत्तर मानहानीने देता येते, हे दिसले. दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे हायकमिशनर म्हणून गेलेले रामराव देशमुख म्हणजे १९३८ सालचे त्यांचे सहकारी मंत्रीच. १९४६ साली आफ्रिकेतील वस्तीबंदी अधिक कडक झाली, तेव्हा हिंदुस्थान सरकारने हायकमिशनरला परत बोलाविले, त्या देशाशी व्यापार तोडला आणि २२ जूनला संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार नोंदविली. वर्णद्वेषी राजवटीवर व्यापारबंदी घालणारा जगातील पहिला देश म्हणून आपण आजही अभिमानाने उल्लेख करतो. राष्ट्रसंघात हा प्रश्न गाजविला विजयालक्ष्मी पंडितांनी, तोवर अंतरिम सरकार आले होते. पण पाया घातला गेला तेव्हा खात्याचे मंत्री होते ना. भा. खरे. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य मला कोठे आढळलेले नाही.

यानंतरचे प्रकरण अलवरचे. येथे मी आवाज खाली आणतो.

एप्रिल १९४७ मध्ये खरे अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. मेवातचा तो टापू. मेव हे मुसलमान, पण त्यांच्या कित्येक चालीरीती, गोत्रे, सण हिंदूंचे. फाळणीच्या त्या वर्षात अलवर आणि शेजारच्या भरतपूर संस्थानांत मेवांची प्रचंड कत्तल झाली. हजारो मारले गेले, गावेच्या गावे उठून गेली, अनेकांना जिवाच्या भीतीने धर्म बदलावा लागला. संस्थानची फौजच या कामी होती, हे अभ्यासकांनी पुरेशा पुराव्यानिशी दाखविले आहे. पश्चिम पंजाबातून त्याच वेळी हिंदू-शीख निर्वासितांचे रक्तबंबाळ तांडे येत होते, मेवांकडूनही आगळीक झाली होती, असे सांगून आपल्यापैकी काही जण या विषयावर पडदा टाकतात. मला तो पडदा मान्य नाही. रावळपिंडीत मारल्या गेलेल्या हिंदूचा सूड अलवरच्या मेव शेतकऱ्यावर उगवणे हा कोणता धर्म? राज्याचा पंतप्रधान म्हणजे प्रजेचा पालक. प्रजेतील एका भागावर राज्याचीच फौज चालून जात असता तो खुर्चीवर राहतो, तर जबाबदारी त्याची. खरे यांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, पण त्यात या दिवसांविषयी पश्चात्तापाचा सूर नाही. त्यांच्या चरित्रातील हा डाग मला मोठा वाटतो. १९३८ आणि १९४३ ची प्रकरणे वादाची आहेत. हे वादाचे नाही.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. संशयाची सुई अलवरकडेही वळली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात महाराजांना आणि खरे यांना दिल्लीला बोलावून घेण्यात आले, खरे यांचे पद गेले, केंद्राने प्रशासक नेमला आणि मार्चमध्ये अलवर मत्स्य संघात विलीन झाले. कटाशी संबंध असल्याचा आरोप चौकशीत सिद्ध झाला नाही. त्या काळात केवळ संशयावरून किती घरांवर दगड आले, किती स्वयंसेवक तुरुंगात गेले, हे या सभेतील ज्येष्ठांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले आहे. तेव्हा आरोप सिद्ध झाला नाही, या चार शब्दांचे मोल आपण जाणतो. पण त्या निर्दोषत्वाने मेवातचा हिशेब फिटत नाही, ती खाती निराळी आहेत.

१९४९ च्या डिसेंबरात ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत होते, नेहरू-लियाकत कराराची बोलणी चालली होती. ३१ मार्च १९५० रोजी दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिन्यांसाठी दिल्लीतून हद्दपार केले. राज्यघटना अमलात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. देशात कोठेही फिरण्याचा हक्क घटनेने दिला, मग एका अधिकाऱ्याच्या समाधानावर तो कसा काढून घेता, हा सवाल. २६ मे १९५० ला निकाल लागला. सरन्यायाधीश कनिया आणि अन्य दोघांनी हुकूम वैध ठरविला, न्या. महाजन आणि न्या. मुखर्जी यांनी भिन्नमत दिले. खरे तीन विरुद्ध दोन असे हरले. कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला आजही शिकवितात.

त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, त्याच पूर्व पंजाब सुरक्षा कायद्याखाली दुसऱ्या एका खटल्याचा निकाल लागला. दिल्लीच्या मुख्य आयुक्तांनी ‘ऑर्गनायझर’ साप्ताहिकावर प्रसिद्धीपूर्व तपासणी लादली होती. प्रकाशक ब्रिजभूषण आणि संपादक के. आर. मलकानी न्यायालयात गेले होते. तो हुकूम रद्द झाला. डाव्या विचाराच्या रोमेश थापर यांच्या ‘क्रॉसरोड्स’वरील बंदीही त्याच दिवशी उठली. पुढल्या वर्षी नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधांची यादी वाढविली, त्याला या दोन निकालांचे निमित्त होते. सरकारविरुद्ध बोलणाऱ्याला हद्दपार करू नये, त्याचे छापील पान आधी तपासू नये, ही मागणी त्या दिवशी आपली होती. आज सत्तेच्या खुर्च्यांवर आपली माणसे आहेत. मागणी तीच राहिली आहे ना, एवढे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

१९५२ साली वि. घ. देशपांडे यांनी ग्वाल्हेरची जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत खरे लोकसभेवर गेले. सभागृहात महासभेचे अवघे चार जण. विरोध करायला चार पुरतात, असे म्हणावे लागेल, इतका आवाज त्यांनी केला. हिंदू कोड विधेयकांना महासभेने जो कडवा विरोध केला त्यात खरे होते. त्या विरोधाविषयी मी अधिक बोलत नाही. वारसा आणि घटस्फोटाचे ते हक्क नसते तर काय झाले असते, हे आपल्या घरातील लेकी-सुनांना विचारावे, त्या अधिक चांगले सांगतील.

१९५७ चा राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा दावा मात्र सांगण्याजोगा आहे. हिमाचल आणि पंजाबातील काही बर्फाळ मतदारसंघांत लोकसभेचे मतदान व्हायचे होते. मतदारमंडळ अपुरे असताना राष्ट्रपती कसा निवडता, असे म्हणत खरे पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. अर्ज फेटाळला गेला. वय ७३. लोक हसले. पण १९६१ साली अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि मतदारमंडळात जागा रिकामी आहे या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडणुकीला आव्हान देता येणार नाही, असे घटनेतच लिहावे लागले. म्हाताऱ्याने बोट ठेवले होते ती फट खरी होती.

शेवटी एक गोष्ट, जी या भाषणाचे खरे कारण आहे. नेहरूंनी म्हणे स्वतःविषयी सांगितले की, मी शिक्षणाने अमुक, संस्कृतीने तमुक आणि हिंदू आहे तो केवळ अपघाताने. हा मजकूर आपल्या भ्रमणध्वनीवर गेली कित्येक वर्षे फिरतो. मला तो दर नोव्हेंबरात किमान दहा कार्यकर्ते पाठवितात. बंधूंनो, हे नेहरूंचे वाक्य नाही. ते खरे यांचे आहे. १९५९ साली रफिक झकेरिया यांनी नेहरूंवरील लेखांचा एक संग्रह संपादित केला, त्यात समर्थकांबरोबर विरोधकांनाही जागा दिली. खरे यांनी त्यात नेहरूंवर जो लेख लिहिला, त्यातला हा टोमणा. टोमणा खरमरीत आहे, मान्य. पण शत्रूने केलेले वर्णन त्याच माणसाच्या तोंडी घालून ती त्याची कबुली म्हणून वाटणे, याला आपल्या मराठीत काय म्हणतात ते मी व्यासपीठावरून उच्चारत नाही. नेहरूंच्या काश्मीर धोरणावर, चीन धोरणावर बोलायला पुराव्याचे ढीग पडले आहेत, बनावट नाणे चालविण्याची आपल्याला गरज नाही. शिवाय यात खरे यांच्यावरही अन्याय होतो. आयुष्यभर या माणसाचे श्रेय इतरांनी घेतले, आता त्याचे एकमेव गाजलेले वाक्यही आपणच त्याच्या हाडवैऱ्याला देऊन टाकले!

काल रात्री एका जुन्या स्नेह्याने तोच मजकूर पुन्हा पाठविला. मी कळविले की, हे डॉ. खरे यांचे आहे. उत्तर आले, “कोण खरे?” त्याला उत्तर देता देता हे सारे टिपण झाले. खरे १९७० साली गेले.